दुसरा माणूस कोण?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्र लिहिणारे वाचक ३४ वर्षांचे, डिचोली तालुक्यातले, नौदलात पेटी ऑफिसर आहेत. मूळ ट्रेड, म्हणजे कामाची शाखा, इलेक्ट्रिकल. सध्या एका लहान जहाजावर आहेत. ट्रेडच्या कामाखेरीज ते शिप्स डायव्हर (जहाजाखाली पाण्यात उतरून काम करणारे) आहेत, बोर्डिंग पार्टीत (संशयित जहाजावर चढून झडती घेणाऱ्या पथकात) आहेत, आग विझवणाऱ्या एका पथकाचे म्होरके आहेत आणि मेसचे हिशेबही तेच ठेवतात. जहाजावरचा दुसरा डायव्हर जानेवारीत बदलून गेला, त्याच्या जागी अजून कोणी आलेले नाही. जामनगरचा त्यांचा ट्रेडचा कोर्स 'आत्ता सोडता येणार नाही' म्हणून दोनदा पुढे ढकलला गेला. बदलीचा काळ जवळ आलेला असताना आता वरिष्ठांनी विचारले आहे : डायव्हिंगची पात्रता पुन्हा नवी करून आणखी एक मुदत याच जहाजावर राहाल का?

ते लिहितात, "हो म्हटलं तर माझा ट्रेड संपला. नाही म्हटलं तर जहाजाला डायव्हर उरत नाही, आणि मी पळालो असं होईल. बायको म्हणते, तुमच्या बाहीवर बिल्ले वाढताहेत आणि घरातला माणूस कमी होतोय. नव्या अग्निवीरांना शिकवावं तर ते ४ वर्षांत जाणार. धाकटा भाऊ क्रूझवर आहे, त्याला विश्रांतीचे तास तरी ठरलेले असतात. अलीकडे उजव्या कानात थोडं दुखतं, पण ते चालायचंच. 'नाही' कसं म्हणायचं, तेवढं सांगा."

(जहाज, त्याचा प्रकार आणि बंदर यांचे उल्लेख पत्रातून काढले आहेत. सेवेतल्या वाचकांनी असे तपशील मुळात लिहूच नयेत.)

उत्तर :

आधी कानाचं बोलू. तुमचं पत्र दोन पानांचं आहे. त्यात कोर्स आहे, बदली आहे, बायकोचं बोलणं आहे. कान मात्र एका ओळीत, तोही 'चालायचंच' म्हणून उरकलेला. मी २६ वर्षं नौदलात काढली, त्यातली १४ शिप्स डायव्हर म्हणून. ती ओळ वाचली आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवलं.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण हे सदर इतरही वाचतात म्हणून सांगतो. पाण्यात १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना तो सारखा व्हावा लागतो, आणि त्यासाठी घशातून मधल्या कानात जाणारी बारीक नळी उघडी हवी. सर्दी असली, सूज असली की ती उघडत नाही. माणूस नाक दाबून जोर लावत राहतो आणि पडदा दुखावतो. तो फाटलाच तर गार पाणी आत शिरून अशी चक्कर येते की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. जहाजाच्या पोटाखाली, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा हात दिसत नाही, तिथे ही चक्कर आली तर पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही, असं मी धरून चालतो. सांगितलं तर ते काही दिवस पाण्यात उतरू देणार नाहीत, आणि मग उतरणार कोण? मीही एकदा असाच कान लपवला होता, म्हणून ओळखतो. तुम्ही बेफिकीर आहात म्हणून दुखणं लपवत नाही. तुमच्यामागे दुसरा माणूस नाही म्हणून लपवता. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला इथे दिसतो. 'नाही कसं म्हणू' हा त्याच्या नंतरचा.

आता ते वाक्य पुन्हा बघू : 'नाही म्हटलं तर जहाजाला डायव्हर उरत नाही.' तुमचा सगळा पेच या एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत मला मान्य नाही. डायव्हर एकट्याने पाण्यात उतरत नाही. वर सुपरवायझर लागतो, दोरी धरणारा अटेंडंट लागतो, आणि सगळा सरंजाम चढवून तयार बसलेला स्टँडबाय डायव्हर लागतो. खालचा अडकला तर त्याच्यापर्यंत पोहोचणारा हाच एक माणूस असतो. तुम्ही लिहिलं आहे की जानेवारीपासून स्टँडबाय शेजारी लागलेल्या जहाजावरून मागवतात. धक्क्याला हे चालतं. समुद्रात शेजारी कोण असतो? म्हणजे बंदर सोडलं की तुमच्या जहाजाला नियमाप्रमाणे डायव्हरच नाही, तुम्ही जहाजावर असूनही नाही. तुम्ही राहिल्याने ती उणीव भरत नाही. फक्त कागदावर नाव दिसत राहतं आणि उणीव झाकली जाते.

हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं तेही सांगतो.

तेव्हा मी लीडिंग सीमन होतो. जहाजावर आम्ही दोघे डायव्हर. दुसरा बदलून गेला आणि दोन महिने मी एकटा. चवथीला मला सुट्टी मिळाली, पेडण्याला घरी आलो. माटोळी बांधून झाली होती, गणपती बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला : बंदरात शिरताना मासेमारीचं जाळं जहाजाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंतलंय, जहाजाला उद्या निघायचंय, ये. आमचा दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाला न थांबता निघालो. खरं सांगतो, बसमध्ये बसलो तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं. छाती फुगली होती. एवढं मोठं जहाज माझ्यावाचून अडलंय, असं वाटत होतं.

स्टँडबाय नव्हता. दुसरीकडून माणूस येईपर्यंत दुपार झाली असती. मीच म्हटलं, उतरतो. सुरी घेऊन खाली गेलो, नायलॉनचं जाळं कापायला लागलो आणि पंधराएक मिनिटांत माझाच पट्टा त्या जाळ्यात अडकला. पंख्याचं एक पातं पाठीशी, समोर अंधार. सुटायला किती वेळ लागला ते मला आजही सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील, पाच असतील. वर आलो, 'काम झालं' एवढंच बोललो. आमच्या चीफनी (चीफ पेटी ऑफिसरनी) माझ्या पट्ट्यावरचा कापलेला भाग पाहिला. रात्री मला बाजूला घेतलं आणि हिंदीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता : तू आलास हे बरं केलंस. पण तुला घरून बोलवावं लागलं ही माझी चूक, आणि तू एकटा उतरलास ही आपल्या दोघांची.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दोन पोरांची नावं डायव्हिंगच्या कोर्ससाठी पाठवली. माझ्या कौतुकाचा एक शब्दही त्यांनी कुठे लिहिला नाही. तेव्हा मला राग आला होता. आज त्या माणसाइतकं माझं भलं नौदलात कोणी केलं असेल असं वाटत नाही.

तुमच्या भावाचा उल्लेख तुम्ही विश्रांतीच्या तासांसाठी केला आहे. ते खरंच आहे. व्यापारी जहाजांवर कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि युद्धनौका त्या नियमांच्या बाहेर आहेत. पण भावाकडून त्याहून मोलाची एक गोष्ट समजून घ्या. गोव्यातल्या प्रत्येक तारवटीला, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याला, मस्टर लिस्ट माहीत असते : धोक्याची घंटा झाली की कोणी कुठे जायचं, काय करायचं, याचा तक्ता. समुद्रावरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास, त्यात या तक्त्यासाठी एक अट घातलेली आहे. महत्त्वाच्या कामांवरची माणसं जायबंदी झाली तर त्यांच्या जागी कोण, हेही तक्त्यात लिहायचं. हा करारही युद्धनौकांना लागू नाही. तरी व्यापारी जहाजावर जिथे स्वयंपाक्याला ठाऊक असतं की बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) पडला तर कोण, तिथे आपण लढाऊ जहाजावरचे लोक त्याहून कमी कसे चालवून घेणार? भावाला त्याच्या जहाजावरची मस्टर लिस्ट कशी बनवतात ते विचारा. सुट्टीत दोघांनी बसून यावर अर्धा तास बोलण्यासारखं आहे.

एकाने अनेक कामं शिकावीत की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिकावीतच. जहाज त्यावरच चालतं. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून आग लागली. त्यावर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी खलाशी होते. आपल्या आयएनएस विशाखापट्टणमवरून १० जणांचं आगविरोधी पथक तिथे गेलं आणि त्या जहाजाच्या खलाशांबरोबर सुमारे ६ तास झुंजून आग आटोक्यात आणली. आपल्याला त्यात ते १० जण दिसतात. मला मागे राहिलेलेही दिसतात. ज्या भागात क्षेपणास्त्रं येताहेत तिथे आपली विनाशिका आगीची व्यवस्था अपुरी ठेवून उभी राहू शकत नाही. १० जण पाठवल्यावरही त्यांची कामं सांभाळणारे हात जहाजावर लागतातच.

उलट बाजूही सांगतो, कारण 'पात्रता नवी करून टाका' हे शब्द मला तुमच्या पत्रात फार सहज आलेले वाटले. १२ जुलै २०२० ला अमेरिकेच्या बोनोम रिशार या मोठ्या युद्धनौकेला सॅन दिएगोच्या धक्क्याला आग लागली. ती चार दिवसांहून जास्त जळत राहिली आणि शेवटी जहाज भंगारात गेलं. चौकशीत निघालं की फेस सोडून आग दाबणारी यंत्रणा एका बटणाने सुरू करता आली असती. पण चौकशीत ज्या खलाशांशी बोलणं झालं त्यांतल्या एकालाही ते बटण कुठे आहे आणि काय करतं हे नेमकं माहीत नव्हतं. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ जॉन मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली, १० नौसैनिक गेले. सुकाणूवर काम करणाऱ्यांत दुसऱ्या जहाजावरून तात्पुरती आणलेली माणसं होती. त्यांच्या मूळ जहाजावरची सुकाणूची यंत्रणा वेगळी होती आणि या जहाजावरच्या यंत्रणेचं पुरेसं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. कागदावर जागा भरलेल्या होत्या.

म्हणून ट्रेडखेरीजच्या तुमच्या चार जबाबदाऱ्या एकाच गाठोड्यात बांधू नका. प्रत्येकीचं वेगळं बघू.

मेसचे हिशेब याच महिन्यात सोडा. ती पात्रता नव्हे, कोणीतरी एकदा दिलेलं आणि तुमच्याकडे राहून गेलेलं काम आहे. वही नीट लिहिणारा एक तरी मुलगा तुमच्या मेसमध्ये असेलच.

बोर्डिंग पार्टीही सोडावी असं माझं मत आहे. हलणाऱ्या होडीतून दोरीच्या शिडीने परक्या जहाजावर चढायचं, पाठीवर वजन, हातात शस्त्र, हे काम पंचविशीतल्या गुडघ्यांचं आहे. आणि त्यात एक साधी अडचण आहे. संशयित जहाजावर तुम्ही चढलेले असताना आपल्या जहाजावर वीज गेली तर इलेक्ट्रिकलचा अनुभवी माणूस समोरच्या डेकवर उभा असेल.

आगीचं पथक सोडू नका. जहाजावर आग हे सगळ्यांचं काम, त्यातून निवृत्तीपर्यंत कोणी सुटत नाही. पण म्होरकेपण वाटून घ्या. पुढच्या ड्रिलला अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि घंटा झाल्यावर दोन मिनिटांत तुम्ही 'जखमी' म्हणून खाली बसा. पाइप कोण हातात घेतो, कोण गोंधळतो, कोणाचा आवाज चढतो, ते बघा. दहा व्याख्यानांत कळणार नाही ते त्या दहा मिनिटांत कळेल, तुम्हालाही आणि अधिकाऱ्यांनाही.

राहिलं डायव्हिंग. इथे मी 'सोडा' म्हणणार नाही आणि 'करा' म्हणूनही सांगणार नाही. तुम्ही पत्रात डायव्हिंगबद्दल एकही वाईट शब्द लिहिलेला नाही, हे माझ्या लक्षात आलंय. तुम्हाला ते आवडतं. कान बरा असेल आणि दोन गोष्टी लेखी ठरत असतील तर आणखी एक मुदत करा : एक, दुसऱ्या डायव्हरचं नाव आणि कोचीच्या डायव्हिंग स्कूलला जायची त्याची तारीख. दोन, जामनगरला जायची तुमची तारीख. या दोन्हींपैकी एक जरी ठरत नसेल तर बदली घ्या. त्याला पळणं म्हणत नाहीत. तुम्ही गेल्यावर ती रिकामी जागा सगळ्यांना दिसेल आणि माणूस मागवला जाईल. तुम्ही तिथे आहात तोवर मुंबईत बसून बदल्या ठरवणाऱ्या बाबूला तुमच्या जहाजापुढे 'डायव्हर : आहे' असंच दिसणार.

आता हे मांडायचं कसं. एक कोरा कागद घ्या. डावीकडे तुमच्या सगळ्या जबाबदाऱ्या. प्रत्येकीपुढे पात्रतेची मुदत कधी संपते, गेल्या ६ महिन्यांत किती वेळा खरोखर बोलावलं, आणि तुमच्यानंतर कोण. शेवटच्या रकान्यात नाव नसेल तर तो रिकामा ठेवा. 'कोणीही' असं लिहू नका. मग त्याच कागदाच्या मागे एकेक प्रसंग लिहा : आग, माणूस पाण्यात पडला, पंख्यात जाळं, परक्या जहाजाची झडती. प्रत्येक प्रसंगात तुमचं नाव किती ठिकाणी येतं ते मोजा. पंख्यात जाळं अडकलं तर डायव्हर म्हणून तुम्ही खाली. पण तुम्ही खाली असताना चुकून काही सुरू होऊ नये म्हणून यंत्रं बंद करून, टॅग लावून चाव्या ताब्यात घ्यायच्या असतात, आणि त्यातला विजेचा भाग तुमच्याच विभागाचा. त्या रात्री तुमचाच मिडल वॉच असेल, मध्यरात्री १२ ते पहाटे ४, तर सकाळी न झोपलेला माणूस पाण्यात उतरतोय. हे कागदावर उतरलं की तुमची तक्रार राहत नाही, जहाजाची स्थिती होते.

तो कागद तुमच्या डिव्हिजनल ऑफिसरकडे, म्हणजे तुमच्या विभागाच्या अधिकाऱ्याकडे, न्या. आधी डिव्हिजनल चीफना दाखवा, त्यांना डावलून जाऊ नका. चीफ दुखावला तर चांगला कागदही आठवडाभर पडून राहतो. बोलताना 'मला जमत नाही' अशी सुरुवात करू नका, कारण ते खरं नाही, तुम्हाला जमतंय. असं म्हणा : "सर, जानेवारीपासून समुद्रात आपल्याकडे स्टँडबाय डायव्हर नाही. मी राहिलो तरी नाही, गेलो तरी नाही. दोन मुलांची नावं मी सुचवतो, त्यांची तयारी मी करून घेतो. माझ्या कोर्सची तारीख ठरावी एवढी विनंती आहे." तरुण अधिकाऱ्याला उपाय घेऊन आलेला पेटी ऑफिसर हवाच असतो. तरीही तोंडी बोलण्यात महिना गेला तर रीतसर रिक्वेस्ट, म्हणजे वरिष्ठांकडे अर्ज, घाला. ती वाट नौदलाने आपल्यासाठीच ठेवली आहे. त्या वाटेने गेलेला माणूस उद्धट ठरत नाही, हे मी अनेक रिक्वेस्टमेनच्या (असे अर्ज घातलेल्यांच्या) रांगेत उभं राहून पाहिलंय.

अग्निवीरांबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर थोडं थांबतो, कारण ही भावना मी हल्ली बऱ्याच जणांकडून ऐकतो. योजना २०२२ ची, नौदलाची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडली. मुदत ४ वर्षं आणि त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होणार. 'जाणारच आहेत, शिकवून काय उपयोग' असं तुम्ही म्हणता. पण कोण राहणार हे ठरतं कशावरून? काम येतं की नाही यावरूनच ना? ज्याला तुम्ही दोरी धरायला, हवेच्या बाटल्या तपासायला, डायव्हरचे इशारे ओळखायला शिकवाल, त्याची राहण्याची शक्यता वाढेल. आणि गेला तरी चार वर्षांतली दोन-तीन वर्षं तो तुमच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला असेल. डायव्हर जहाजावर तयार होत नाही, त्यासाठी कोचीच लागते, पण चांगला अटेंडंट जहाजावरच तयार होतो. बाहेर पडल्यावर त्यांना व्यापारी जहाजावर जायचं असेल तर नौदलाचे दाखले आपोआप चालत नाहीत, सुरक्षेचे मूलभूत कोर्स वेगळे करावे लागतात, हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा. आग आणि पाणी यांची भीती मोडलेला मुलगा तिथेही चार पावलं पुढेच असेल.

तुमच्या पत्नीच्या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. त्यांचं म्हणणं बिल्ल्यांच्या विरोधात नाही. तुम्ही कधी घरी असणार हे कोणालाच, तुम्हालाही, सांगता येत नाही, या गोष्टीला त्या कंटाळल्या असाव्यात. मागे दुसरा माणूस असला की सुट्टी खरी सुट्टी होते, फोन वाजला की पोटात गोळा येत नाही. वरचा तो कागद अधिकाऱ्यांना दाखवण्याआधी त्यांना दाखवा. जहाजाचे तपशील नकोत, फक्त तुमच्या कामांचे रकाने. नवरा नेमकं काय काय करतो हे नौसैनिकांच्या बऱ्याच बायकांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं. माझ्या बायकोला पट्टा कापल्याची गोष्ट मी निवृत्तीनंतर सांगितली. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

हे सदर वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनाही एक विनंती. जो माणूस 'हो सर' म्हणतो त्यालाच पुढचं काम देणं सोपं असतं, मीही चीफ झाल्यावर तेच केलं. पण काम देताना त्याच वाक्यात 'आणि तुझ्यामागे कोण?' हेही विचारा. तारिणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. इथेच गोव्यात बांधलेली, जेमतेम १७ मीटरची शिडाची होडी. २ ऑक्टोबर २०२४ ला आयएनएस मांडवी या गोव्यातल्या नौदल तळावरून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परत आल्या. शीड, इंजिन, वीज, औषधपाणी, सगळं दोघींनाच. एवढ्याशा होडीवरही माणसं दोन होती. एक झोपली की दुसरी जागी.

आणि ज्यांचा समुद्राशी संबंध नाही अशांसाठी : सत्तरीतल्या आरोग्य केंद्रात लसीचा फ्रिज फक्त एकाच नर्सला कळतो, फोंड्याच्या एखाद्या शाळेत परीक्षेचा संगणक फक्त एकाच शिक्षकाला उघडता येतो. तुम्ही त्या नर्स किंवा ते शिक्षक असाल, तर वरचा कागद तुमच्यासाठीही आहे. शेवटचा रकाना आधी भरा.

आता तुम्हाला. हे उत्तर छापून येईल तेव्हा शनिवार असेल. सोमवारी सकाळी सिक बेला, म्हणजे नौदलाच्या दवाखान्यात, जा आणि डॉक्टरांना उजवा कान दाखवा, कधीपासून दुखतो ते खरं सांगा. त्यांनी पाण्यात उतरू नका म्हटलं तर ते त्याच दिवशी चीफना कळवा. कागद मंगळवारी लिहिलात तरी चालेल.